जवळचा मार्ग की मोकळा मार्ग?

भोपाळहून इटारसी सुमारे ९० किलोमीटर. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन मोठ्या लोहमार्गांची तेथे गाठ पडते. १७ जून २०१५ रोजी या जंक्शनातील सिग्नल व सांधे यांचे नियंत्रण करणाऱ्या कक्षास आग लागली. रूळ शाबूत होते, इंजिने शाबूत होती, चालकही होते. परंतु कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यावयाची हे ठरविणारी यंत्रणाच जळून गेली. असंख्य गाड्या रद्द झाल्या, पुष्कळ गाड्या दूरच्या मार्गांनी वळवाव्या लागल्या आणि सारी घडी पूर्ववत बसावयास महिन्याहून अधिक काळ लागला. वाहतूक म्हणजे केवळ रस्ते आणि वाहने नव्हेत, तर तिच्यामागील योजनाही होय, हा धडा त्या वर्षी आम्हां भोपाळकरांस मिळाला.

आज घरोघरी पोहोचलेल्या इंटरनेटची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. आपण पाठविलेले पत्र वा चित्र तेथे अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पोहोचण्याचा पत्ता असतो. वाटेवरील नाक्यानाक्यांवर राउटर नावाची यंत्रे तो पत्ता वाचून त्यास पुढच्या तारेवर सोडतात. प्रश्न एवढाच की, कोणत्या तारेवर? या एका प्रश्नाची उत्तरे अनेकांनी अनेक प्रकारे दिली आहेत. त्यांची तुलना येथे करावयाची आहे.

पहिले उत्तर सरळ आहे : जो मार्ग सर्वांत जवळचा, तो घ्यावा. प्रत्येक तारेस एक ‘खर्च’ ठरवून दिलेला असतो आणि ज्या मार्गावरील खर्चांची बेरीज कमीत कमी, तो मार्ग राउटर स्वतःच शोधून काढतो. हे गणित डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. या पद्धतीचा गुण असा की, तिला वरून हुकूम देणारा कोणी लागत नाही. एखादी तार तुटली, तर राउटर आपापसांत ती वार्ता कळवितात आणि थोड्याच वेळात नवा मार्ग धरतात.

दोष मात्र एका उदाहरणाने ध्यानी येईल. समजा, मुंबई व भोपाळ यांच्यामध्ये दोन तारा आहेत. एक इटारसीवरून, दुसरी उज्जैनवरून. प्रत्येकीतून एका क्षणात १० पॅकेटे जाऊ शकतात. पाठवावयाची आहेत १२. इटारसीचा मार्ग जवळचा ठरविलेला असेल, तर बाराही पॅकेटे तिकडेच धावतील. दोन खोळंबतील किंवा नष्ट होतील आणि उज्जैनची तार मोकळी पडून राहील.

मग गर्दी पाहून राउटरनेच मार्ग का बदलू नये? हा प्रयोगही झालेला आहे. इंटरनेटचा पूर्वज जे अमेरिकेतील अर्पानेट, त्यात १९७९ पासून तारेवर होणाऱ्या विलंबावरून तिचा खर्च ठरविण्यात येऊ लागला. वाहतूक बेताची होती तोवर हे ठीक चालले. ती वाढताच विचित्र प्रकार घडू लागला. एक तार भरली की सारे राउटर एकदम दुसरीकडे वळत. ती भरली की पुन्हा पहिलीकडे. गर्दी नाहीशी होण्याऐवजी झोके घेऊ लागली. अखेर १९८७ साली खर्चाच्या या चढउतारास मर्यादा घालावी लागली. प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणपणा केला, तरी त्यातून सर्वांचे हित साधतेच असे नाही, हे येथे दिसून आले.

तिसरा उपाय असा की, खर्चाचे आकडे माणसाने विचारपूर्वक ठरवावेत. वरील उदाहरणात दोन्ही मार्गांचा खर्च समान केला, तर वाहतूक सहा-सहा अशी वाटली जाईल. बर्नार्ड फोर्ट्झ व मिक्केल थोरूप यांनी २००० साली दाखवून दिले की, आकडे नीट बसविल्यास जुन्याच यंत्रांकडून पुष्कळ अधिक काम करून घेता येते. अडचण एवढीच की, भोपाळसाठी बदललेला आकडा नागपूरकडे जाणाऱ्या वाहतुकीचाही मार्ग बदलू शकतो.

म्हणून चौथी पद्धत निघाली : मार्ग आधीच आखून ठेवावयाचा. पॅकेटावर एक चिठ्ठी लावली जाते आणि वाटेतील राउटर ती चिठ्ठी पाहूनच त्यास पुढे धाडतात. या पद्धतीस एमपीएलएस म्हणतात. तिचा आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला. एकाच गावी जाणारी वाहतूक हवी तशी दोन मार्गांवर विभागणे आता सोपे झाले. पण मार्गांची संख्या वाढली की त्यांचा सांभाळ करणे जड जाते. शिवाय जो मार्ग आधी मागतो तो चांगली जागा अडवून बसतो आणि मागाहून येणाऱ्यास वळसा पडतो.

पाचवी पद्धत सर्व जाळ्याचा नकाशा एका मध्यवर्ती संगणकापुढे ठेवते. गूगल कंपनीने आपली माहितीकेंद्रे जोडणाऱ्या ‘बी-फोर’ या खासगी जाळ्यात ही पद्धत वापरली व २०१३ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एरवी अशा लांबच्या तारा ३० ते ४० टक्केच भरलेल्या ठेवण्याची रीत असे. येथे सरासरी सुमारे ७० टक्क्यांवर गेली. जे काम थांबू शकते त्यास थांबवून तातडीच्या कामास वाट देता आली, हे त्याचे एक मोठे कारण.

येथे इटारसीचा जळलेला कक्ष आठवल्यावाचून राहत नाही. सारी अक्कल एकाच ठिकाणी ठेवली आणि तीच नाहीशी झाली तर? बी-फोरच्या कर्त्यांनी हे ओळखले होते. त्यांनी नियंत्रक संगणकांच्या जोडीस पर्यायी संगणक ठेवले आणि मध्यवर्ती योजना बंद पडल्यास राउटरांनी जवळच्या मार्गाच्या जुन्या रीतीने काम चालू ठेवावे, अशी तजवीज केली.

योजना कितीही उत्तम असली, तरी मुळात दुसरी वाट असावी लागते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातळीच्या दोन केबली तुटल्या आणि मुंबईहून युरोपकडे जाणारी वाहतूक कोलमडली. बरीचशी वाहतूक मग पूर्वेकडे, सिंगापूरमार्गे वळवावी लागली. ज्यांनी त्या बाजूसही आधीच जागा राखून ठेवली होती, त्यांस झळ कमी लागली. संकटाच्या दिवशी केबल टाकता येत नाही.

तेव्हा या पाच पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती? आमच्या मते, एकटी कोणतीच नव्हे. सर्वांचा विचार करून मार्ग वाटून देणारा कोणी हवा. तो नसेल त्या दिवशी आपल्या बुद्धीने वाट काढणारा प्रत्येक नाका हवा. आणि या दोहोंसाठी एक तार मोकळी राखण्याची दूरदृष्टी हवी. रोज मोकळी दिसणारी ती तार वाया गेली असे हिशेबनिसास वाटेल. परंतु इटारसीला गाडी अडकलेल्या प्रवाशास तिची किंमत विचारून पाहावी.