उन्हाळी शिबिरातली लोककला : दहा दिवसांत काय रुजतं?

एप्रिलमध्ये परीक्षा उरकल्या की सोसायटीच्या फाटकावर, वाचनालयाच्या फळ्यावर आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणं, बुद्धिबळ, रोबोटिक्स, हस्ताक्षर सुधारणा, आणि त्यांच्या जोडीला 'लोकनृत्य व लोककला'. ही ओळ वाचून बरं वाटतं. आपल्या मुलांना पोवाडा, भारूड, गोंधळ ऐकून तरी माहीत असावा असं पालकांना अजून वाटतं, एवढं त्यातून कळतं.

प्रत्यक्षात त्या ओळीत काय असतं? बहुतेक ठिकाणी स्पीकरवर एक ध्वनिमुद्रित गाणं लावतात आणि दहा दिवस त्यावर नाच बसवतात. कधी कोळीनृत्य, कधी गोंधळ, कधी धनगरी. मधल्या दोन दिवसांत काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या रंगाने वारली चित्रं. समारोपाला भाड्याचे पोशाख, टाळ्या, फोटो. मुलं आनंदात असतात, घामाघूम होईपर्यंत नाचतात आणि त्या आनंदाचं मोल आहेच. पण संबळाचा आवाज जवळून कसा छातीत घुमतो, शाहीर दम कुठे घेतो, कथा सांगताना चित्र कधी उलटायचं, यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. लोककलेचं शिक्षण म्हणजे नेमकं हेच, आणि ते दहा दिवसांतही देता येतं. त्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एका शिबिरात एकच कला घ्यायची, आणि ती कला जगणाऱ्या माणसाकडूनच शिकायची.

जुनी वाट

मुलं आणि लोककला यांची गाठ घालून देणं महाराष्ट्राला नवं नाही. ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली आणि शाखा, शिबिरं, अभ्यासवर्ग यांतून खेळांबरोबर समूहगान आणि लेझीम हजारो मुलांपर्यंत पोचली. साने गुरुजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सेवा दलाच्या कलापथकाने वग, पोवाडा, लोकनृत्य गावोगावी नेलं. वसंत बापट, पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी लेखणी झिजवली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके याच पथकात घडले. यांच्यापैकी कुणीही लोककला 'उपक्रम' म्हणून शिकलं नाही. लोकांसमोर, उघड्या मैदानावर, चुकत-माकत ती त्यांच्या अंगात मुरली.

१९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने मराठी बालरंगभूमीला नवं वळण मिळालं. पुढे सुलभा देशपांडे यांच्या 'चंद्रशाळे'ने 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यातून मुलांच्या पिढ्यामागून पिढ्या रंगमंचावर आणल्या. आजच्या शिबिरांमधले कितीतरी ताई-दादा या बालनाट्याच्या परंपरेत वाढलेले आहेत.

तिसरी वाट डहाणूच्या डोंगरात गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडला स्थिरावल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाच्या भोवतालचं जगणं हेच त्याचं शिक्षणसाहित्य, ही त्यांची धारणा. लोककलेच्या शिबिराला याहून चांगला पाया शोधूनही सापडणार नाही.

कलेचं स्वतःचं पंचांग

शिबिर मे महिन्यात भरतं. लोककला मात्र आपल्या ऋतूने चालते. भोंडला हस्त नक्षत्राचा, मंगळागौरीचे खेळ श्रावणातले. तारपा वाजतो तो भाताचं पीक हाताशी येतं तेव्हा. मे महिन्यातल्या वातानुकूलित सभागृहात पोरींना भोंडल्याचा फेर धरायला लावला तर पाय थिरकतील, पण पाटावरचा हत्ती, खिरापत ओळखण्याची गंमत आणि पाऊस सरता सरताची ती संध्याकाळ कुठून आणणार?

मग मेमध्ये काय घ्यावं? पंचांगच उत्तर देतं. कार्तिकात सुरू झालेले दशावताराचे प्रयोग वैशाखापर्यंत चालतात, तेव्हा कोकणातल्या शिबिराला रात्रीचा खरा प्रयोग दाखवता येतो. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात होळीनंतर बोहाड्याचे मुखवटे नाचतात. लग्नसराई असल्याने गोंधळी घरोघरी गोंधळ घालत असतात. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततात, म्हणजे मेच्या उत्तरार्धात ढोलकीवाले आणि सोंगाडे घरी सापडण्याची शक्यता जास्त. ज्येष्ठात पालख्या निघतात, त्यामुळे भारूड शिकलेल्या मुलांना महिन्याभरात वारीच्या वाटेवर तेच भारूड लोकांच्या तोंडून ऐकता येतं. आयोजकांनी आधी हे पंचांग पाहावं आणि मग कला ठरवावी.

एका डब्याचं तुणतुणं

कला जवळून शिकणं म्हणजे काय, हे पोवाड्याच्या शिबिरात उत्तम दिसतं. पोवाड्याची साथ तीन साध्या वाद्यांची : डफ, झांज आणि तुणतुणं. तुणतुणं मुलांना स्वतः बनवता येतं. पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, त्याच्या तळाला मधोमध खिळ्याने भोक पाडायचं. तार आतून ओवून बाहेर काढायची आणि ती निसटू नये म्हणून बाहेरच्या टोकाला शर्टाची गुंडी बांधायची. डब्याच्या अंगाला बांबूची काठी करकचून बांधायची, काठीच्या वरच्या टोकाला खुंटी बसवायची आणि तार तिच्यावर गुंडाळून ताणायची. पिळत गेलं की सूर चढतो, सैल सोडलं की उतरतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला ताण आणि कंपन मुलाच्या बोटांना इथे कळतं.

खरी शिकवणी यानंतरची. शाहीर मुलांना सांगतो की गाणारा कितीही वर गेला, कितीही जोशात आला, तरी तुणतुण्याने आपली जागा सोडायची नाही, कारण सूर आणि लय दोन्ही त्याच्याच भरवशावर असतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सलग पाच मिनिटं एकच सूर, एकाच लयीत, कुणीही आपल्याकडे पाहत नसताना वाजवायला लावणं हा मोठा संस्कार आहे. मग डफावरची थाप, मग 'जी जी जी'ची झील. झील धरणाऱ्यांनी शाहिराचा शेवटचा शब्द नेमका उचलायचा असतो, म्हणजे सारा वेळ कान उघडे ठेवायचे. शेवटी मुलांनी स्वतः चार ओळी रचायच्या. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचला तेव्हा ती त्याच्या काळातलीच ताजी घटना होती. मुलांनी आपल्या गावच्या आटलेल्या विहिरीवर रचला तर तोही पोवाडाच.

पिंगुळीची पानं

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलेला आश्रय दिला. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या हीसुद्धा याच समाजाची कला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रकथीचा एक प्रसंग मुलांसमोर उभा राहताना पाहावा. कथेकरी मांडी घालून बसतो आणि चित्राचं पान मांडीवर उभं धरतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. चित्रातला राजा तसाच स्थिर असतो, पण आवाज चढतो, ताल बदलतो आणि मुलांना घोडा धावताना दिसतो. पान उलटण्याचा क्षण कथेकऱ्याच्या हाती असतो. पान घाईने उलटलं तर प्रसंग वाया जातो, रेंगाळलं तर मुलं चुळबुळतात. शिबिरात मुलांना आधी चित्रं काढायला देण्यापेक्षा एकच पान देऊन त्याची गोष्ट गाऊन सांगायला लावावी. दुसऱ्या दिवशी तेच पान दुसऱ्या मुलाच्या हाती. चित्र तेच, गोष्ट वेगळी. चित्र, गाणं, वाद्य आणि अभिनय इथे एकाच माणसात नांदतात. आपल्या शाळांनी त्यांचे वेगवेगळे तास पाडले आहेत.

काळ्या कागदावरची वारली

सगळ्यांत जास्त शिबिरांत शिकवली जाते ती वारली चित्रकला, आणि सगळ्यांत जास्त तोडून शिकवली जाते तीही तीच. त्रिकोणाला त्रिकोण जोडला, वर गोल डोकं काढलं, झाला माणूस. मूळ चित्र शेण-गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने निघतं. लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, तीही आपल्या मातीची नजर न सोडता. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभलं.

शिबिरात त्या चित्रांतला तारप्याचा फेर प्रत्येक मूल काढतं. पण तारपा किती मुलांनी ऐकलेला असतो? वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं यांचं हे वाद्य. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळत जाते. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नेम. आधी तारपा ऐकवावा, मुलांना त्या साखळीत उभं करावं आणि मग भिंतीपाशी न्यावं. म्हणजे चित्रातली वळणं मुलांच्या अंगातून येतील.

बदलाच्या बाबतीत गोव्यातल्या घुमटाकडूनही शिकण्यासारखं आहे. मातीच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आली. कारागिरांनी बकऱ्याचं कातडं घेतलं, नाद पुन्हा जुळवून आणला आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. परंपरा बदल पचवते आणि तरी स्वतःचीच राहते, हे मुलांना सांगायला याहून सोपं उदाहरण नाही.

अवघड गोष्टी वगळायच्या का?

लोककलेला जात आहे, उपेक्षा आहे आणि काही ठिकाणी शोषणही आहे. वाघ्या-मुरळीचं जागरण रंगतदार खरं, पण देवाला मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९३४ मध्ये कायदा करावा लागला. पोतराजाच्या कोरड्याखाली कुणाची पाठ होती, हे त्याचा घागरा घालून नाचणाऱ्या मुलाला माहीत हवं. बारा वर्षांच्या मुलाला हे त्याच्या वयाच्या भाषेत सांगता येतं. ते लपवून नुसता रंगीत पोशाख चढवला तर त्या माणसांचा दुसऱ्यांदा अपमान होतो.

याच परंपरेने अन्यायाला जाब विचारायलाही शिकवलं. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक, वामनदादा कर्डकांची गाणी : हा सगळा वारसा डफ-ढोलकीवरच उभा राहिला. शिबिरांच्या यादीत तो क्वचित दिसतो. तो आला पाहिजे.

शिकवणाऱ्याचा मान

आयोजक म्हणतात, 'कलाकार आणायला पैसे कुठून आणायचे?' पोशाखांचं भाडं, ध्वनियंत्रणा आणि व्हिडिओ यांना पैसे निघतात, तेव्हा कलावंताच्या मानधनासाठीही निघायला हवेत. त्याला समारोपाला शाल-श्रीफळ देऊन बोळवू नये. पहिल्या दिवसापासून त्याने शिक्षकाच्या जागी बसावं आणि मुलांनी त्याला शाहीर, बाबा, मावशी म्हणत प्रश्न विचारावेत. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीतून शिकलेले तरुण सोबत असले तर जुना कलावंत आणि शहरी मुलं यांच्यात दुवा राहतो. कलावंतांच्या घरातल्या मुलांनाही शिबिरात मोफत जागा द्यावी. आपल्या आजोबांसमोर शहरातली मुलं शिष्य म्हणून बसलेली पाहिली की त्या मुलाला घरच्या संबळाची लाज वाटणार नाही.

जगात हे कुठे साधलं का, याचं उत्तर हंगेरीत आहे. ६ मे १९७२ रोजी बुडापेस्टमध्ये पहिलं 'तांत्सहाज', म्हणजे नृत्यघर भरलं. शहरातल्या तरुणांनी ट्रान्सिल्वेनियातल्या खेड्यांत जाऊन म्हाताऱ्या वादकांकडून, नाचणाऱ्यांकडून थेट शिकून घेतलं आणि जिवंत संगीतावर सगळ्यांनी नाचायचं हा दंडक ठेवला. पुढे त्या खेड्यांतच उन्हाळी शिबिरं भरू लागली. २०११ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा जपण्याच्या आदर्श उपक्रमांत नोंदवली. प्रेक्षकांसाठी काही बसवणं हा तिचा हेतू नाही. स्वतः शिकणं आणि मिळून नाचणं एवढंच तिथे महत्त्वाचं.

शिबिर संपल्यावर

दहा दिवसांत कुणी शाहीर होत नाही. कान मात्र तयार होतो, हाताला वाद्याची ओळख होते आणि एका कलावंताशी नातं जुळतं. ते नातं टिकवण्याच्या वाटा उपलब्ध आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागीर-कलावंतांसोबत घालवायचे म्हटलं आहे. उन्हाळ्यात भेटलेला शाहीरच त्या दिवसांत शाळेत येऊ शकतो. केंद्र सरकारच्या 'सीसीआरटी' या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि पारंपरिक कला करणाऱ्या घरांतल्या मुलांना तीत राखीव जागा आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांच्या प्रकल्पात जमलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक आज 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. त्या ऐकून मुलांनी आपल्या आजीला एक ओवी विचारावी आणि वहीत उतरवावी, एवढा गृहपाठ पुरेसा आहे.

पुढच्या मे महिन्यासाठी पालकांनी नाव नोंदवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. शिकवायला कोण येणार? वाद्य मुलांच्या हातात येणार का? आणि त्या कलावंताला मानधन किती? या तीन प्रश्नांची नीट उत्तरं देणारी शिबिरं जिथे असतील तिथे मुलांना पाठवावं, आणि जिथे नसतील तिथे पाच-दहा घरांनी एकत्र येऊन एक शाहीर, एक डफ आणि एखादं अंगण यांवर स्वतःच शिबिर भरवावं. सेवा दलाच्या पथकांनाही सुरुवातीला याहून जास्त काही लागलं नव्हतं.