रूम मध्येच सोडली, मग डिपॉझिट बुडालं का?

प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच जळगाव-धुळ्यात रूम धरावी लागते. पुढच्या फेरीत नाशिक-पुण्याला नंबर लागला की शिरपूर, साक्री, चोपड्याहून आलेला विद्यार्थी महिन्या-दीड महिन्यात रूम सोडतो. मग डिपॉझिटवरून वाद होतो आणि दोन्हीकडून ऐकीव कायदा सांगितला जातो.

गैरसमज : करार अकरा महिन्यांचा, म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं द्यावंच लागणार.
वस्तुस्थिती : आधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. महिन्याची नोटीस लिहिली असेल तर ती देऊन रूम सोडता येते. ‘लॉक-इन’ची, म्हणजे ठरावीक मुदतीआधी रूम न सोडण्याची अट असेल, तर मात्र मालक भरपाई मागू शकतो.

गैरसमज : ‘डिपॉझिट जप्त’ असं लिहून दिलं की विषय संपला.
वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळते, करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा. नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात म्हटलं. आठ दिवसांत दुसरा मुलगा राहायला आला, तर मालकाचं नुकसान आठ दिवसांचं. थकलेलं भाडं, वीजबिल, मोडतोड यांचे पैसे मात्र कापले जाणारच.

गैरसमज : अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं.

गैरसमज : सही मुलाची, तेव्हा जबाबदार तोच.
वस्तुस्थिती : अठरा वर्षांखालील मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही. वडिलांनी स्वतःच्या नावाने सही केली असेल, तर ते बांधील.

गैरसमज : शेवटचं भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिटमधून वळतं होतं.
वस्तुस्थिती : करारात तसं नसेल तर मालकाची संमती लागते. नाहीतर ती थकबाकी ठरते आणि आपलीच बाजू लंगडी पडते.

नोटीस तोंडी देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, तारखेसह लिहून पाठवा. निघताना खोलीचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो काढा, किल्ली दिल्याची पोच घ्या. खासगी होस्टेल किंवा जेवणासह पीजी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही.