बुलेटचं ३५० चं ५०० झालं, तसं बीटलचं इंजिन मोठं करता येतं का?

कोल्हापुरात कुठल्याही जुन्या बुलेटवाल्याला विचारा, साडेतीनशे आणि पाचशेत फरक काय? तो म्हणणार, "आवाजात हाय की."

आवाज राहू दे, खरा फरक बोअरमध्ये आहे. दोन्ही जुन्या बुलेटमध्ये पिस्टन वर-खाली ९० मिलिमीटरच फिरतो. पण ३५० मध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर ५०० मध्ये ८४. शाळेतलं घनफळाचं सूत्र लावलं की उत्तर येतं ३४६ आणि ४९९ सीसी.

हाच खेळ जगभरातले गाडीवेडे फोक्सवॅगन बीटलवर खेळतात. बीटलचं इंजिन मागे, चार सिलिंडरचं, आडवं आणि हवेवर थंड होणारं. ना रेडिएटर, ना पाणी. (दसरा चौकात शाही दसऱ्याला येणारी आपली मेबॅक मात्र पाण्यावर थंड होते.)

बीटलचं १६०० चं इंजिन म्हणजे ८५.५ बोअर, ६९ स्ट्रोक, एकूण १५८४ सीसी. यात प्रत्येक सिलिंडर सुटा असतो. तो काढून ९०.५ चा बसवला की झालं १७७६. ९४ चा बसवला आणि क्रँकशाफ्टही बदलून स्ट्रोक ८२ केला की थेट २२७६!

वाचायला सोपं आहे. करताना मात्र घाम फुटतो. मोठा सिलिंडर जुन्या भोकात बसत नाही, म्हणून क्रँककेस आणि हेड दोन्ही बोअर करावे लागतात. त्या टाळायला ८८ चे पातळ भिंतीचे सिलिंडर मिळतात, पण ते तापले की आकार सोडतात. पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका. स्ट्रोक वाढवला तर कनेक्टिंग रॉड केसला आतून घासू शकतो, मग तिथलं धातू खरवडायचं. हेड तेच ठेवलं तर कॉम्प्रेशन साडेसातवरून आठच्या वर जातं. पुन्हा एकच जुना कार्बोरेटर पुरत नाही, दोन लावावे लागतात.

आणि मग येते उष्णता. जास्त पेट्रोल जळणार म्हणजे जास्त ताप होणार. पण पंखा तोच. म्हणून ऑइल इथे फक्त वंगण नसतं, तेही उष्णता वाहून नेतं. मोठ्या इंजिनाला बऱ्याचदा वेगळा ऑइल कूलर जोडतात. जुन्या मॉडेलमध्ये कूलर तीन नंबरच्या सिलिंडरची हवा अडवायचा, त्यामुळे तोच आधी तापायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलरची जागा बदलली.

बोअरिंग, लेथ, कास्टिंग ही उद्यमनगर आणि शिरोलीत रोजची कामं. त्यामुळे कारागीर शोधायला लांब जायला नको.

अडचण आरसी बुकात आहे. त्यावर सीसी लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. त्यात २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी लागते, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे २२७६ सीसीच्या नादात 'व्हीए' मालिकेचा नंबर हातचा जाऊ शकतो.

तेव्हा बोअरिंगला गाडी टाकायच्या आधी एक चक्कर आरटीओत मारा.