वाशीमला उतरायचं, तर पायऱ्या किती?

वाशीम हे वाटेवर थांबण्यासारखं गाव आहे. अकोला–पूर्णा रेल्वेमार्ग इथून जातो. जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांना स्पर्श करतो. मुक्काम करून पाहावं असं इथे पुष्कळ आहे. हेच जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतल्या हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. पुढे अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बालाजीचं मंदिर उभारलं. कारंजा नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तर पोहरादेवी बंजारा समाजाची काशी. तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झालं.

व्हीलचेअरवरच्या माणसाला यातलं किती पाहायला मिळेल, हे मात्र एखादी पायरी ठरवते. गुडघे धरलेल्या आजीलाही तीच पायरी आडवी येते, आणि तीर्थक्षेत्री येणाऱ्यांत अशा आजी-आजोबांचीच दाटी असते.

आइसलंड हा देशसुद्धा युरोप–अमेरिका प्रवासातला थांबा म्हणून नावारूपाला आला. तिथले उद्योजक हारल्दुर थोरलीफसन स्वतः व्हीलचेअर वापरतात. राजधानीत कुटुंबाबरोबर फिरताना एका दुकानाच्या पायरीने त्यांना बाहेरच थांबवलं. त्यातून 2021 मध्ये रेक्याविकसाठी 100 रॅम्पचा उपक्रम सुरू झाला. मग देशभर 1000 रॅम्पचा संकल्प झाला आणि तो मुदतीआधीच पार पडला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती कामाची निवड. दुकान, खाणावळ, दवाखाना, अशी रोजची दारं त्यांनी आधी धरली.

हे आपल्याकडे अशक्य मुळीच नाही. उताराचा हिशोब सरळ आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे दुकानाच्या सहा इंची पायरीला सहा फुटांचा रॅम्प पुरतो. जागा वाचवायला तो तीन फुटांत उरकला, तर खुर्ची मागे घसरते आणि ढकलणाराही पडतो. असा रॅम्प नसलेला बरा. देवळाच्या जुन्या दगडाला हात न लावता लाकडी किंवा लोखंडी, उचलून ठेवता येणारा रॅम्पही चालतो.

कायदाही पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्याखालच्या सुगम्यतेच्या नियमाला नुसत्या शिफारशीचं रूप होतं. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले.

सगळीकडे रॅम्प होईपर्यंत प्रवाशाने घर सोडण्याआधी फोन करावा. ‘सोय आहे का?’ असं विचारलं की भक्तनिवासात कुणीही ‘हो, आहे ना, या तुम्ही’ म्हणतं, तेही मनापासून. म्हणून आकडे विचारावेत. दारापर्यंत पायऱ्या किती? खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का, बाजूला धरायला दांडी आहे का? न्हाणीघराचं दार किती इंच? खुर्ची साधारण 25 ते 27 इंच रुंद असते आणि जुन्या इमारतींत अडतं ते नेमकं न्हाणीघराशीच. रेल्वेने येणार असाल, तर दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. तो फलाटावर कुठे लागतो, हे स्टेशनवर आधी विचारून ठेवावं, कारण गाडी थोडाच वेळ थांबते.