एका ‘ए’साठी आठचा आकडा

भाच्याचं लायसन्स मी उलटंसुलटं करून दोनदा पाहिलं. वाहनाच्या प्रकारासमोर ‘एलएमव्ही’ एवढंच होतं, म्हणजे हलकं चारचाकी. ‘एमसीडब्ल्यूजी’, म्हणजे गिअरची मोटारसायकल, कुठंच नव्हती.

“अरे, तुझ्याकडं मोटारसायकलचं लायसन्सच नाही.”

“काहीतरीच काय, मामा! आठ वर्षं झालं गाडी हाणतोय.”

गाडी हाणत होता हे खरंच. वसमतजवळच्या शेतातून घरी, घरून कॉलेजला, पुढं हळदीच्या सौद्याला वडिलांना मागं बसवून मोंढ्यात. चारचाकी शिकताना लायसन्स काढलं, तेव्हा फॉर्मवर दुचाकीच्या चौकटीत खूण करायची राहून गेली. रस्त्यात कुणी अडवलं की खिशातून कार्ड काढायचं. कार्ड आहे म्हटल्यावर मागची बारीक अक्षरं कोण वाचतो? त्यानंही वाचली नव्हती.

ती वाचायची वेळ आली जपानमुळं. तिकडं नोकरी ठरली, जायला चार-पाच महिने होते आणि याला तिथं मोटारसायकल चालवायची होती. त्यासाठी लागतो तो आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना, बोलीत ‘आयडीपी’. तो सरळ आरटीओत जाऊन घ्यायचा, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकला, कारण आयडीपी हा नवा परवाना नसतोच. तो आपल्या लायसन्सचा तर्जुमा असतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानं ठरवून दिलेली ही राखाडी पुस्तिका. वाहनांचे पाच गट, पाच अक्षरं. ‘ए’ म्हणजे मोटारसायकल, ‘बी’ म्हणजे साडेतीन टनांपर्यंतची मोटार, पुढं ट्रक, बस आणि जोडगाडी. ज्या गटाचा परवाना मूळ लायसन्सवर आहे, त्याच अक्षरासमोर शिक्का. शेवटचं पान करारानुसार फ्रेंचमध्ये. मुळात जे लिहिलेलंच नाही, त्याचा तर्जुमा कसा व्हायचा? भाच्याच्या पुस्तिकेत ‘बी’ला शिक्का बसला असता आणि ‘ए’ कोरा राहिला असता.

कोरा ‘ए’ घेऊन दुचाकीवर बसणं म्हणजे लायसन्सशिवाय बसणंच. थायलंडला फिरायला जाऊन भाड्यानं स्कूटर घेणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे अक्षर आधी पाहावं. दंड एकवेळ भरता येतो. अपघात झाला आणि विमा कंपनीनं दावा नाकारला, तर दवाखान्याचं बिल खिशातून जातं. देशही पाहावा लागतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, १९४९ च्या नाही. म्हणून आपली पुस्तिका तिथं चालत नाही. जपान १९४९ च्या करारातला, त्यामुळं तिथं चालते.

म्हणजे टोकियोच्या आधी पुन्हा हिंगोली. आमचा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला आणि गाड्यांना ‘एमएच ३८’ मिळालं. आता अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. त्यानं लायसन्सवर नवा वाहनप्रकार वाढवण्याचा अर्ज केला. आधी लर्निंग लायसन्स. चालू लायसन्स असल्यानं खुणा आणि नियमांची परीक्षा माफ होती, तरी मी घरीच त्याला प्रश्न विचारले. ‘पुढं अरुंद पूल’ ही खूण आठ वर्षं गाडी हाणणाऱ्याला ओळखू आली नाही. मग किमान तीस दिवस थांबायचं. लर्निंगची मुदत सहा महिने असते, पण तीस दिवसांच्या आत पक्क्या परीक्षेला उभं करत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेलो. मैदानात चुन्यानं आठचा आकडा आखलेला. रांगेत वीसेक पोरं, दोन-तीन बाया, हेल्मेटं एकमेकांत फिरत होती. मोटार वाहन निरीक्षक साहेब खुर्चीत, गुडघ्यावर यादी. सूचना एकच: पाय टेकवायचा नाही.

या आकड्यात वेग कामाचा नसतो. सुसाट जाणारा पहिल्याच वळणावर रेषेबाहेर फेकला जातो, घाबरून क्लच पूर्ण दाबणाऱ्याची गाडी ढेपाळते आणि पाय टेकतो. क्लच अर्धा, रेस थोडी, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर पुढच्या चाकावर नाही, जिकडं वळायचं तिकडं. भाच्याच्या पुढचा पोरगा दोन वळसे झकास घेऊन आकड्याच्या कमरेत, दोन गोल मिळतात तिथंच, पाय टेकवून बसला. भाचा आत शिरला तेव्हा त्याची मान एकदाच खाली गेली, मी श्वास धरला. मग मान उचलली आणि गाडी आपोआप फिरल्यागत फिरली. साहेबांनी यादीवर खूण केली, वर पाहिलंसुद्धा नाही.

नवं कार्ड आल्यावर आयडीपीचा अर्ज. तो ‘४-ए’ नमुन्यात, फी एक हजार रुपये, सोबत लायसन्स आणि पासपोर्ट. पूर्वी डॉक्टरचा दाखला आणि व्हिसाही लागायचा. ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेनं त्या दोन्ही अटी काढल्या. ज्याच्याकडं चालू लायसन्स आहे त्याला दुसरा दाखला कशाला, आणि काही देशांत व्हिसा उतरल्यावरच मिळतो, हे त्यामागचं कारण. मी जास्त वेळ घालवला तो नावाच्या ओळीवर. लायसन्सवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. पासपोर्टवर आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाचं नाव आणि वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात जोडून येतं. दोन्हीकडचं स्पेलिंग मी बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवलं. जुळलं.

पुस्तिका हातात आली तेव्हा भाच्यानं पहिला ‘ए’ शोधला. शिक्का होता.

हिची मुदत एक वर्ष. जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा पुस्तिकेची मुदत, जे आधी संपेल ते. पुढं राहायचं असेल तर आपलं लायसन्स तिकडच्या परवान्यात बदलून घ्यायचं. त्याला लायसन्सचं मान्य जपानी भाषांतर लागतं, आणि लायसन्स मिळाल्यानंतर ते देणाऱ्या देशात एकूण किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा. तो पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजतात. म्हणूनच मी घाई लावली होती. नियमांची परीक्षाही आता कडक झाली आहे. पूर्वी दहा प्रश्न असत, १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास झाले, आणि नव्वद टक्के बरोबर यावे लागतात.

मोटारसायकलच्या तिकडच्या परीक्षेत फळीसारखा एक अरुंद पूल असतो. लांबी पंधरा मीटर, रुंदी तीस सेंटिमीटर. चारशे सीसीपर्यंतच्या परवान्यासाठी तो ओलांडायला किमान सात सेकंद लावायचे. लवकर पोचलात तर गुण जातात.

“म्हणजे हळू चालवायची परीक्षा,” भाचा म्हणाला.

“आठच्या आकड्याचीच सख्खी बहीण,” मी म्हणालो. “आणि खूण कोणती? पुढं अरुंद पूल.”

तो हसला. मग हात पुढं करून म्हणाला, “मामा, तुमचं दाखवा बरं लायसन्स.”

मी मोठ्या रुबाबात काढून दिलं. परभणीच्या काळात काढलेलं, एकदा नूतनीकरण केलेलं, दुचाकी-चारचाकी दोन्ही. त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कार्ड माझ्याकडं वळवलं. मुदत माझ्या पन्नासाव्या वाढदिवसापर्यंतची होती. त्याला वर्ष उलटून गेलं होतं.

आरटीओतून घरी येताना गाडी त्यानं चालवली. मी मागं बसलो.