वस्तरा ओढतोय? आधी दगड तपासा

मागच्या व्हिडिओत वस्तऱ्याला धार लावून दाखवली होती. आज खालच्या दगडाबद्दल बोलू, कारण माझी फजिती तिथेच झाली.

नगरात माझं सलूनच्या सामानाचं दुकान आहे. सोबत वस्तऱ्यांना धार लावून देतो. दगड आजोबांच्या धोकटीतला, करडा, नैसर्गिक. एक गिऱ्हाईक वस्तरा घेऊन परत आलं, "दादा, ओढतोय." पुन्हा लावून दिला, पुन्हा तेच. मी पोलादाला दोष देत बसलो. शेवटी आमच्या चुलत आजोबांनी दगडावर स्टीलची पट्टी उभी धरली. मधोमध खालून उजेड दिसत होता! "दगडाला खड्डा पडलाय, वस्तऱ्याचा काय दोष?"

बीबीएला घसारा शिकलो होतो. इथे तो डोळ्यांदेखत चालला होता, पण दिसला नाही. आपण मधलाच भाग वापरतो, तोच झिजतो. मग पात्याची टोकं दगडाला लागतात आणि मधला भाग अधांतरी राहतो.

उपाय सोपा आहे. जाड, सपाट काच घ्या. तिच्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि भरपूर पाण्यात घासा. कडेच्या रेघा आधी जातात. मधल्या राहिल्या म्हणजे खड्डा अजून आहे. सगळ्या गेल्या की १००० नंबरवर हात फिरवा, नाहीतर दगड खरखरीत राहतो. कडा थोड्या गोल करा, टोकदार कड पात्याला लागते. आणि कोरडं अजिबात घासू नका, ती दगडाची धूळ फुप्फुसात जाते.

दगड पाण्यावर वापरत असाल तर पाण्यावरच ठेवा. एकदा तेल मुरलं की सहजासहजी निघत नाही. खोबरेल तर नकोच, आपल्याकडच्या थंडीत ते गोठतं. काम झालं की काळा गाळ धुवा आणि दगड सावलीत वाळवा. थरांचा दगड नगरच्या एप्रिलच्या उन्हात ठेवला तर चिरू शकतो. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल कुणाकडे असेल तर तो भिजत घालू नका, त्याला खाली बऱ्याचदा पाटीचा दगड चिकटवलेला असतो.

"आपला काळा दगड चालेल का?" असं बरेच जण विचारतात. कोयत्याला चालतो. वस्तऱ्याला नाही. तो बेसाल्ट, त्यात ठिकठिकाणी बारीक पोकळ्या आणि स्फटिक असतात. इतक्या पातळ धारेला एकसारखा, बारीक कणच लागतो.

आता धंद्याचं. सलूनमध्ये आज गिऱ्हाइकागणिक नवी ब्लेड लागते, आणि तेच बरोबर आहे. एकच वस्तरा सगळ्यांना फिरवला तर हिपॅटायटिस बी, एचआयव्हीचा धोका असतो. म्हणून मी फक्त स्वतःपुरता वस्तरा वापरणाऱ्यांचंच काम घेतो, तेही निर्जंतुक करून. गिऱ्हाइकं कमी आहेत, पण चोखंदळ. एकदा ओढला की परत येत नाहीत.

माझा दर ठरवताना दगड सपाट करायचा वेळ मी धरलाच नव्हता. वॉटर पेपरही नाही. आता दोन्ही धरतो, दर थोडा वाढला. त्या गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा फुकट धार लावून दिली. पुढच्या महिन्यात तो भावाचाही वस्तरा घेऊन आला. त्याआधी मी गल्ल्यातली पेन्सिल काढून दगडावर रेघा मारून बघितल्या होत्या.