'माझं डायजेशन स्लो आहे' म्हणजे नेमकं कुठे स्लो? आणि ताटात काय बदलायचं?

आषाढी एकादशीचं ताट आठवून बघा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि संध्याकाळी टाइमपास म्हणून वेफर्स. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच आलेली नाही. मग दुसऱ्या दिवशी पोट दगडासारखं होतं आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "माझं ना, पचनच स्लो आहे."

पण हे स्लो नेमकं कुठे असतं?

खाल्लेलं अन्न जठरात साधारण 2 ते 5 तास राहतं. तिथून लहान आतड्यात जातं आणि तिथे आणखी 4 ते 6 तास घालवतं. खरा मुक्काम पडतो तो मोठ्या आतड्यात. तिथे एक-दोन दिवस, कधी कधी तीन दिवसही. म्हणजे 'काल रात्री पनीर खाल्लं म्हणून आज सकाळी पोट साफ झालं नाही' हा हिशोब बहुतेक वेळा चुकीचा असतो. आज सकाळची अडचण परवाच्या ताटातून आलेली असू शकते.

म्हणूनच 'पचन मंद' या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या तक्रारी घालतो. जेवल्यावर तासन्तास पोट जड वाटणं ही जठराची गोष्ट. त्यामागे बऱ्याचदा तेल-तूप असतं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की तिथून जठराला 'जरा हळू सोड' असा निरोप जातो. रात्री साडेदहाला तर्रीदार मिसळ खाऊन अकराला आडवं झालं, तर जडपणा आणि जळजळ दोन्ही येणारच. झोपेच्या आधी दोन-तीन तास जेवण आटपणं आणि रात्रीचं तळण कमी करणं, एवढ्यानेही इथे फरक पडतो.

दुसरी तक्रार बद्धकोष्ठतेची, आणि ती मोठ्या आतड्याची. इथे आपला साबुदाणा परत येतो. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात फायबर, म्हणजे तंतुमय पदार्थ, नसल्यातच जमा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम फायबर असतं. बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या आट्यात 11 च्या आसपास. पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा? दोन्ही 3 ग्रॅमच्या आत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगते. आकडा मोठा वाटतो, पण दिवसभरात ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी, एक मोठा पेरू, एक वाटी मटकीची उसळ आणि एखादी पालेभाजी एवढ्यात तो जवळपास गाठला जातो. सकाळी वडापाव, दुपारी वरणभात आणि रात्री नूडल्स असा दिवस असेल, तर निम्माही गाठणं अवघड. आणि हो, पोळीचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकत असाल तर ते आधी थांबवा. उपवासालाही राजगिरा आणि फळं आहेतच की!

फक्त उद्यापासून एकदम सगळं बदलू नका. फायबर अचानक वाढवलं की मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची चंगळ होते आणि तुमचं पोट गॅसने फुगतं. दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा, आणि सोबत पाणी वाढवा. इसबगोल तर भरपूर पाण्याशिवाय घेऊच नये. तो पाणी शोषून फुगतो, तेच त्याचं काम.

पाण्याबद्दल बोलायचं तर एक गोष्ट कुठल्याच 'हेल्थ टिप' रीलमध्ये दिसत नाही. बाहेर स्वच्छ स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून कितीतरी बायका दिवसभर मुद्दाम पाणी कमी पितात. मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती याच प्रश्नातून. त्यांना 'ताई, आठ ग्लास पाणी प्या' असं सांगून काय उपयोग? निदान घरी, सकाळी निघायच्या बरंच आधी आणि परतल्यावर पाणी भरून काढणं, एवढंच हातात उरतं.

सकाळचाही एक मुद्दा आहे. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं. हा प्रतिसाद सकाळी, नाश्त्यानंतर जोरात असतो. आणि नेमकं तेव्हाच आपण 7:48 ची लोकल पकडायला धावत असतो. आलेली भावना रोज दाबली की मल आतच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो आणखी कडक होतो. पंधरा मिनिटं लवकर उठून काहीतरी खाणं आणि मग घाई न करता बसणं, हा उपाय कुठल्याही चूर्णापेक्षा स्वस्त आहे. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, जी आतड्याला जबरदस्तीने हलवते. अधूनमधून ठीक, पण डॉक्टरांना न विचारता रोज नको.

डेस्कवर चिवड्याचा डबा उघडा ठेवणाऱ्यांसाठी (मीही त्यातलीच): पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठर-आतड्यांतून एक साफसफाईची लाट जाते. भुकेला पोट गुरगुरतं, ते बरंचसं हिच्यामुळे. तोंडात काही टाकलं की ती थांबते. त्यामुळे दोन खाण्यांत तीन-चार तास मोकळे सोडा.

राहिली शतपावली. शंभर पावलं तर मिनिटभरात संपतात, तेवढ्याने फार काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाला.

आता हे सगळं कुणी घरी करत बसू नये? शौचातून रक्त जातंय, वजन आपोआप घटतंय, रात्री पोटदुखीने जाग येतेय किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक सवय बदलली आहे, त्यांनी थेट डॉक्टर गाठावा. लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची कमतरता यांनीही बद्धकोष्ठता होते. ती भाकरीने सुटणारी नाही. ज्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे आणि चार घास खाल्ले तरी पोट भरतं, उलटी येते, त्यांच्यात जठराच्या नसाच मंदावलेल्या असू शकतात. अशा रुग्णांना डॉक्टर बऱ्याचदा फायबर कमीच करायला सांगतात, म्हणजे वर लिहिलंय त्याच्या बरोबर उलट. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर हा लेख त्यांना फॉरवर्ड करण्याआधी त्यांची तपासणी करून घ्या.